डेटा सेंटर शिफ्टिंगमध्ये आम्हाला कसं गंडवलं

डेटा सेंटर हलवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल किंवा पडणार असेल तर हे वाचा. लांब झालंय, पण यातली एक एक गोष्ट आम्हाला महागात पडलीये आणि दुसऱ्या कोणाला पडू नये म्हणून लिहितेय.

आमचे 11 रॅक (सर्व्हर बसवायची उभी कपाटं) होते. टेक्निकल तयारी आम्ही खरंच मन लावून केली होती, कुठलं ॲप्लिकेशन कुठल्या डेटाबेसवर अवलंबून आहे ते सगळं कागदावर, बॅकअप नुसता घेतला नाही तर दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून पाहिला, डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, 86400 सेकंदांवरून चार दिवस आधीच 300 वर आणला, प्रत्येक स्विचवर (मशीन नेटवर्कला जोडणारी पेटी) लॉगिन करून कॉन्फिग (त्याची सेटिंग) सेव्ह आहे का ते बघितलं (वर्षानुवर्षं रीबूट न झालेल्या स्विचवर कोणीतरी केलेला बदल सेव्हच नसतो, बंद केला की गेला). चालू करायचा क्रमसुद्धा भिंतीवर चिकटवला होता, आधी नेटवर्क, मग स्टोरेज, मग डीएनएस आणि लॉगिनचे सर्व्हर, मग डेटाबेस आणि शेवटी ॲप्लिकेशन. एवढं सगळं केलं आणि माल कोण उचलणार, कुठल्या कागदावर उचलणार, याकडे मात्र कोणी नीट बघितलं नाही.

वेंडर गोड बोलणारा होता. "मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, सगळं आमच्यावर सोडा." एअर सस्पेन्शनची (धक्के कमी बसणारी) गाडी, ट्रेन केलेले इंजिनिअर, प्रत्येक खोक्यावर धक्का बसला की दाखवणारं शॉक स्टिकर, ट्रान्झिट इन्शुरन्स, आणि जुन्या 64 डिस्क नष्ट करून सर्टिफिकेट, सगळं एकाच कोटेशनमध्ये. वर मालाची यादीसुद्धा आमचीच माणसं येऊन करतील म्हणाला. आम्हाला तेव्हा हायसं वाटलं, तेवढंच एक काम कमी. पण खरी मेख तिथेच होती. त्यांच्या माणसाने केलेली यादी म्हणजे "2यू सर्व्हर 38 नग, स्विच 9 नग" (2यू ही नुसती मशीनची उंची), बस. सिरियल नंबर नाही, आत काय आहे त्याचा उल्लेख नाही. म्हणजे सर्व्हरच्या पोटात जे काही होतं ते कागदोपत्री नव्हतंच, आणि त्या यादीवर मी सही केली.

शुक्रवारी रात्री इंजिनिअर म्हणून एक जण आला, बाकीचे सगळे घरसामान हलवणारे, तेसुद्धा तिसऱ्याच कंपनीचे. विचारलं तर "आमचीच टीम आहे मॅडम". गाडी साधी, मालवाहू. पण तोवर रात्रीचा एक वाजलेला, अर्धे रॅक उघडलेले, सगळ्या सर्व्हिस बंद, सोमवारी सकाळी सगळं चालू करायचंय, अशा वेळी काम थांबवायला कोणाचा जीव होतो? आता कळतं की त्यांचा धंदाच या वेळेवर चालतो. तुमची सिस्टिम बंद आहे तोपर्यंत ते जे म्हणतील ते तुम्ही करता.

साडेतीनला फोन आला, गाडी नव्या जागेच्या गेटवर उभीये, उरलेले पैसे आधी टाका मग माल उतरवतो. करारात 70 टक्के आगाऊ आणि 30 टक्के टेस्टिंग झाल्यावर असं ठरलेलं. अर्धा तास भांडलो, सरांना झोपेतून उठवलं, शेवटी पैसे टाकले. मग त्यांनी एक कागद पुढे केला, "सर्व माल सुस्थितीत मिळाला". अजून एकही खोकं उघडलं नव्हतं. त्यावरही सही केली.

रविवारी दुपारी डेटाबेसचा सर्व्हर चालू झाला पण 512 जीबी रॅमच्या जागी 256 दाखवायला लागला. म्हटलं, गाडीत हिंदकळून पट्ट्या सैल झाल्या असतील. झाकण काढलं. 16 स्लॉटपैकी 8 रिकामे, आणि प्रत्येक रिकाम्या स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेरच्या बाजूला व्यवस्थित उघडलेल्या. धक्क्याने पट्टी सैल होईल, पण दोन्ही क्लिपा कोणीतरी बोटाने दाबल्याशिवाय अशा उघडत नाहीत आणि पट्टी पेटीतच कुठेतरी पडलेली सापडते. इथे पेटीत काहीच नव्हतं. मी ते झाकण हातात धरून किती वेळ उभी होते मला आठवत नाही. अजून तीन मशीन तशाच निघाल्या.

मग स्विचचे काही फायबर पोर्ट लागेनात. एसएफपी मॉड्यूल (फायबरची केबल लावायला स्विचच्या पोर्टमध्ये बसवायचा छोटा सुटा भाग) दिसायला तीच, स्टिकरही तसंच. आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलाला दर महिन्याला सगळ्या स्विचचं इन्व्हेंटरी आउटपुट (आत काय काय बसवलंय त्याची सिरियल नंबरसकट यादी) सेव्ह करून ठेवायची सवय होती, त्याच्याशी सिरियल नंबर ताडले तर 22 मॉड्यूल बदललेली. त्या मुलाचे उपकार आहेत, नाहीतर आम्ही महिनाभर फायबर पुसत बसलो असतो.

शॉक स्टिकर तर एकाही खोक्यावर नव्हतं, फक्त चिकटाचे चौकोन राहिले होते. त्यातली नळी जोराचा दणका बसला की लाल होते आणि परत पांढरी करता येत नाही, म्हणून काढूनच टाकली असणार.

इन्शुरन्सचं विचाराल तर क्लेम करायला गेल्यावर कळलं की पॉलिसी नव्हतीच. वाहतूकदाराची किलोवर ठरलेली जबाबदारी होती, म्हणजे भरपाई किमतीवर नाही तर वजनावर, तिलाच हे इन्शुरन्स म्हणत होते. रॅमची एक पट्टी जेमतेम पन्नासेक ग्रॅमची. आणि वेंडरचं एकच पालुपद, "मॅडम, सुस्थितीत मिळाला म्हणून तुम्हीच सही केलीये ना".

म्हणून कळकळीने सांगते, यादी स्वतः करा, मशीन चालू असतानाच प्रत्येक रॅम, डिस्क, एसएफपीचा सिरियल नंबर सिस्टिममधूनच काढता येतो, त्यावर उचलण्याआधी दोघांच्या सह्या घ्या. खोक्यांना नंबरवाली सील लावा आणि फोटो काढा. पॉलिसी पूर्ण बदली किमतीची (तसाच नवा माल घ्यायला लागतील तेवढ्या पैशांची) आहे का ते इन्शुरन्स कंपनीला स्वतः फोन करून विचारा. लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याला काम द्यायचं नाही हे करारात टाका, आणि माल घेताना सहीशेजारी स्वतःच्या हाताने "तपासणी बाकी" लिहा, गाडी कितीही वेळ उभी राहिली तरी.

पण मला सगळ्यात जास्त टोचतात त्या 64 डिस्क. सर्टिफिकेट आलं, शिक्का आहे, सही आहे, "सर्व डिस्क नष्ट केल्या" असं लिहिलंय, पण एकही सिरियल नंबर नाही आणि कशा नष्ट केल्या तेही नाही. मॉर्गन स्टॅन्लीसारख्या बँकेचं असंच झालं होतं, 2016 मध्ये दोन डेटा सेंटर बंद करताना काम मूव्हिंग कंपनीला दिलं जिला डेटा नष्ट करायचा अनुभवच नव्हता, ग्राहकांच्या माहितीसकट साहित्य ऑनलाइन लिलावात विकलं गेलं आणि ते त्यांना 2017 मध्ये कळलं, एका माणसाने ऑनलाइन विकत घेतलेल्या डिस्कमध्ये त्यांचा डेटा बघून ईमेल केला तेव्हा. 2020 मध्ये 6 कोटी डॉलर आणि 2022 मध्ये 3.5 कोटी डॉलर दंड झाला. आम्ही त्या डिस्क आमच्याच जागेत पुसून मग बाहेर जाऊ द्यायला हव्या होत्या, त्यात ग्राहकांची नावं-पत्ते होते, लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून दिलेले.

पोलिसात तक्रार दिलीये, ग्राहकांनाही कळवलंय. स्टोरेजचे जुने लॉग चाळून 51 डिस्कचे सिरियल नंबर सापडले, ते आम्ही दर सोमवारी जुना माल विकणाऱ्या साइटवर शोधतो. अजून तरी एकही दिसलेली नाही. उरलेल्या 13 डिस्कचे नंबर आमच्याकडे कुठेच नाहीत.