३×७ वरून १×१०: चौदा महिने आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

सायकल साधीच आहे. अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे), २९ इंची चाकं, पुढे तीन आणि मागे सात गिअर. राहायला साताऱ्यात, म्हणजे घरातून निघालं की चढ ठरलेलाच: यवतेश्वरचा घाट, अजिंक्यतारा, नाहीतर सज्जनगडाच्या बाजूनं ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुढे एक आणि मागे दहा गिअर करून घेतले, चाकं आणि ब्रेकही बदलले. साधारण २८ हजार लागले. "एवढ्यात थोडे घालून नवीच घ्यायची ना," असं घरापासून मित्रांपर्यंत सगळे म्हणाले. पण ही फ्रेम मला अगदी मापात बसते, चार तास चालवूनही पाठ धरत नाही, म्हणून तीच ठेवली. आज विचाराल तर हेच परत करेन, फक्त आधी चाकांकडे बघेन.

कारण पहिली अडचण तिथंच आली. मी आधी शिमानो डिओरची दहा चकत्यांची ११-४६ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच, सगळ्यात लहान ११ दात्यांची आणि मोठी ४६), आरडी (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा डिरेलर) आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) घेऊन ठेवले आणि मग मागचं चाक उघडलं. आत फ्रीव्हील, म्हणजे जुन्या पद्धतीचा चकत्यांचा संच. फ्रीव्हील हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आट्यांवर अख्खंच्या अख्खं फिरवून बसवतात, कॅसेटला मात्र खाचा असलेली फ्रीहब बॉडी लागते. जुन्या हबवर कॅसेट चढणं शक्यच नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच सात गिअरच्या सायकलींना फ्रीव्हीलच येतं, तेव्हा एकही पार्ट घेण्याआधी मागचा हब बघून घ्या. क्रँकचंही (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) तेच. जुन्या चकत्या रिव्हेट मारलेल्या होत्या, एकटी चकती निघत नव्हती, म्हणून क्रँकही नवा घेतला. बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) काढताना उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते, ती घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटते. हे माहीत नसताना पाना लावून जोर केला तर ती आणखीच आवळत जाते.

आता पुढे ३२ दात्यांची एकच चकती आहे. जुन्या सेटमध्ये सगळ्यात हलका गिअर होता २४-२८ (पुढे २४ दाते, मागे २८), म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटरला थोडी कमी पुढे जायची. आता ३२-४६ वर ती जेमतेम १.६ मीटर जाते. आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो, पण यवतेश्वरच्या घाटात जिथे मी दरवेळी उतरून ढकलत होतो, तिथे आता बसूनच चढतो. वरच्या टोकाला काही गमावलं का? ४२-१४ च्या जागी ३२-११ आलं, म्हणजे नगण्य. पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि डावा शिफ्टर गेले, हँडल मोकळं झालं. आरडीला क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) असल्यामुळे खडकाळ उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही आणि चौदा महिन्यांत एकदाही पडलेली नाही.

आता ज्यानं सहा आठवडे छळलं ते सविस्तर सांगतो, कारण हे कुणाच्याही सायकलला होऊ शकतं. जुलैमध्ये चाळकेवाडीच्या पठारावर शेवाळलेल्या कातळावरून घसरलो आणि सायकल उजव्या अंगावर पडली. वरवर एक ओरखडा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या तीन-चार गिअरमध्ये कटकट सुरू झाली. केबलचा अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा फिरवला की मोठ्या चकत्या सुधारायच्या आणि लहान बिघडायच्या, उलटा फिरवला की त्याच्या उलट. एका दुकानात केबल बदलली. दुसऱ्यानं आरडी गेलाय म्हणून सांगितलं आणि नवीन घ्यायला लावत होता. चार महिन्यांचा आरडी! माझं मन तयार होईना.

घरी येऊन सायकल भिंतीला लावली, मागे जमिनीवर बसलो आणि एका डोळ्यानं पाहिलं. आरडीच्या दोन्ही पुली कॅसेटच्या चकतीशी एका रेषेत हव्यात, पण खालची पुली तारांकडे झुकलेली होती. म्हणजे हँगर वाकला होता. फ्रेम आणि आरडीच्या मधला हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दामच मऊ ठेवतात, मार बसला की तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. सात गिअरच्या सेटमध्ये एका चकतीपासून दुसरीचं अंतर ५ मिलिमीटर असतं, दहामध्ये ते ३.९५ वर येतं, त्यामुळे पूर्वी खपून गेला असता तो बाक आता खपत नाही.

एका मित्राकडून हँगर सरळ करायचं गेज आणलं. आरडी काढायचा, त्या जागी गेजचा दांडा फिरवून बसवायचा आणि रिमपासूनचं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. प्रत्येक वेळी चाक फिरवून रिमवरची तीच जागा (मी व्हॉल्व्ह धरतो) दांड्यासमोर आणायची, म्हणजे रिममध्ये वाक असला तरी मोजमाप फसत नाही. माझ्याकडे वर आणि खाली यांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला. हळूहळू दाब देत तो दोनच्या आत आणला, आरडी परत लावला, केबल ताणली, आणि पहिल्याच फेरीत दहाही गिअर सुरीसारखे पडले. त्या संध्याकाळी मी अंगणात उगाच अर्धा तास गिअर वर-खाली करत बसलो होतो. तेव्हापासून त्याच मापाचा एक सुटा हँगर सीटखालच्या पिशवीत असतो.

नव्या चाकांवर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर घातले, त्यांच्याबद्दल मात्र हातचं न राखता चांगलं लिहीन. आमच्याकडे पावसाळा संपला की वाटांवर सराटे पडलेले असतात आणि बाभळीचे काटे तर बारमाही. ट्यूब असताना महिन्याला दोन-तीन पंक्चर व्हायची. आता टायरमधून काटा उपटला की सीलंटचा (टायरमध्ये भरलेल्या, भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) पांढरा थेंब बाहेर येतो आणि तिथेच थिजतो. माझं वजन ७२ किलो, पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवा ठेवतो आणि दगडांवर पकड एकदम बदलली आहे. उन्हाळ्यात सीलंट दोन-अडीच महिन्यांत वाळतं, ते आठवणीनं भरावं लागतं. पहिल्यांदा टायर रिमवर बसवायला हातपंप पुरला नाही. व्हॉल्व्हची सुई काढून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारली तेव्हा कडा टपटप बसल्या. प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी (हा बारीक तोंडाचा असतो) पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर खिशात असू द्या, नाहीतर पंक्चरवाल्याच्या नळीचं तोंड बसत नाही.

ब्रेक शिमानो एमटी२००, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. या किमतीत दोन बोटांनी एवढा भरवशाचा ब्रेक मिळतो, याचं समाधान दर उतारावर वाटतं. एकदाच घोटाळा झाला. सर्व्हिसिंगला दिली असताना चेनवर स्प्रे मारताना तो डिस्कवरही उडाला आणि घाट उतरताना मागचा ब्रेक नुसता किंचाळला, धरेचना. तेल प्यायलेले पॅड घासूनही सुधारले नाहीत, बदलावेच लागले. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, सपाटीवर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन ब्रेक दाबले, मग पकड आली. आता स्प्रे मारूच देत नाही, चेनच्या प्रत्येक कडीला थेंबानं तेल घालतो. या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच जातं, हे कुठेही ब्लीड करायला (आतली हवा काढून तेल भरायला) देताना स्वतः सांगा. गाडीचं डॉट फ्लुइड गेलं तर आतली सीलं फुगून खराब होतात. लाल चिखलात रेझिन पॅड भराभर झिजतात, एका पावसाळ्यात मागचे दोन जोड संपले.

पुढचा फोर्क जुनाच आहे, जड स्प्रिंगचा. फ्रेमचा हेडट्यूब (फोर्कची दांडी जिथे बसते ती नळी) सरळ मापाचा, आणि बघितलेले बरेचसे चांगले एअर फोर्क टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचे) निघाले, म्हणून तो विषय सोडला.

झिजून चेन किती टक्के लांबली ते परवा गेजनं मोजलं. ०.५ ची खूण ओलांडली आहे, ०.७५ ला अजून वेळ आहे. दहा गिअरला तिथपर्यंत थांबता येतं, पण पाऊस तोंडावर आहे आणि झिजलेल्या चेननं खराब होणारी कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे या रविवारी चेन बदलून टाकतोय.