आकडीचं औषध: गोळीसोबत काढा-चूर्ण, की नुसता आहार-विहार?

धाकट्या भावाला बाराव्या वर्षी पहिली फिट आली, आज तो सव्वीसचा आहे. गोळी सोडून निव्वळ काढ्यांवर राहणं हा पर्याय मी धरतच नाही. गोळी एकदम तोडली तर थांबता न थांबणारी फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. प्रश्न एवढाच, गोळीबरोबर वैद्यांची पोटात घ्यायची औषधंही द्यायची, की आयुर्वेद आहार-विहारापुरता ठेवायचा?

आधी दोन वर्षं आम्ही दोन्ही औषधं दिली. वैद्यबुवा फार माणुसकीचे. न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) बघून पाच मिनिटांत मोकळे. हे मात्र झोप, पोट, भीती, सगळं निवांत विचारायचे. गोळीने भावाच्या हिरड्या सुजल्यात, हेही आधी त्यांच्याच लक्षात आलं. चरकसंहितेत अपस्माराचा, म्हणजे आकडीचा, स्वतंत्र अध्याय आहे, पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत ही औषधी तुपं त्यातलीच, त्यामुळे आमचा विश्वासही होता.

घोडं अडलं पुडीपाशी. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली राखाडी पूड, मधातून दोन वेळा. तिला ना नाव, ना घटक. विचारलं की उत्तर ठरलेलं, "परंपरेचं औषध आहे." एका रात्री लागोपाठ दोन फिट आल्या. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळीशिवाय काय देता?" मी पुडी पुढे केली. त्यांनी उघडली, वास घेतला, परत बांधून माझ्या हातात दिली. रक्तात फेनिटॉइन, म्हणजे भावाच्या गोळीतलं औषध, 6 निघालं. साधारण 10 ते 20 हवं. गोळी तर एकही चुकली नव्हती.

पुडीनेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण शंखपुष्पीच्या सिरपने फेनिटॉइनची पातळी उतरते, हे 1992 मध्येच उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. मिरीतल्या पिपरिनने उलट ती चढते. आमच्या पुडीत यातलं काय होतं, कुणाला विचारणार?

तेव्हापासून पुडी बंद. आता रात्री नऊला गोळी, दहाला अंथरूण, जागरण नाही, उपास नाही, रविवारी तेल लावून अंघोळ. हे वेळापत्रक एका दुसऱ्या वैद्यांनीच बसवून दिलं. गेली तीन वर्षं फिट नाही. श्रेय कशाचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही, पण मला हाच मार्ग बरा वाटतो.

तुमचं मन दोन्ही औषधांकडेच ओढत असेल, तर वैद्यांकडून औषधाचं नाव आणि घटक लिहून घ्या. तो कागद न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, मगच पहिला डोस. लिहून द्यायला जे तयार नसतील, त्यांची पुडी घरी आणू नका.