कांथा टाक्याची गोधडी: थंडी, उन्हाळा आणि वेंगुर्ल्याचा पावसाळा काढल्यावर

नवी गोधडी फोटोत छानच दिसते. मला लिहायचं होतं ते ती धुतल्यावर, मळल्यावर आणि मुख्य म्हणजे आमच्याकडचा पावसाळा सोसल्यावर कशी राहते त्याबद्दल, म्हणून इतके महिने थांबले. मागच्या दिवाळीच्या आधी शिवून पुरी केली, तेव्हापासून रोजच्या वापरात आहे. मुलं तिच्यावर लोळलीत, मांजर व्यालं तेव्हा थोडक्यात वाचली, आणि गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या अंगावर आळीपाळीने फिरलीय.

आधी ती आहे कशी ते सांगते. ९० इंच लांब, ६० इंच रुंद, एका माणसाची. वरचा थर पॅचवर्कचा. मळकट पांढऱ्या कॅम्ब्रिकचा (एक पातळ सुती कापड) मोठा भाग मोकळा सोडलाय आणि एका बाजूला वाकडेतिकडे कापलेले तुकडे: निळीत रंगवलेलं कापड, एक मोहरी रंग, आणि सासूबाईंच्या जुन्या नऊवारीतले विटकरी. मधे मलमलीचा एक थर, खाली आईची विरलेली सुती साडी. हे तिन्ही थर हाताने, नुसत्या धावदोऱ्याने, पाव-पाव इंचावर समांतर ओळी घालून जोडलेले. हाच कांथा टाका. कापूस नाही, वॅडिंग (मधे भरायचा जाड, मऊ थर) नाही.

वॅडिंग न घालणं हेच या गोधडीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम, असं आता ठामपणे सांगते. परदेशातल्या क्विल्टिंगच्या व्हिडिओंत मधे जाड वॅडिंग दिसतं, म्हणून आपल्याकडेही बायका ते मागवतात. पण किनाऱ्यावर पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. पौषातल्या पहाटे अंगावर काहीतरी लागतं इतकंच. थंडीपेक्षा आपला खरा शत्रू दमट हवा. ६५ टक्के आर्द्रतेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, आणि आषाढात आपल्याकडे हवा त्याहून कितीतरी ओली असते. जाड कापसाचा थर मधे कोंडला की तो ते पाणी लवकर सोडत नाही. पॉलिस्टर पाणी धरत नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही, पण म्हणूनच अंगाचा घामही टिपत नाही. रात्री दोनला पांघरूण लाथाडावं लागतं. आमच्याकडे विकत घेतलेली एक पॉलिस्टर वॅडिंगची रजई आहे. ती मेपासून कपाटाच्या वरच्या खणात पडून असते.

कांथ्यात मुळात वॅडिंग नसतंच. बंगालात जुन्या साड्या, धोतरं एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायची, आणि रंगीत दोरा हवा तर साडीच्या काठातून उसवून काढायचा, अशी ती पद्धत. थंडीसाठी जास्त थर घेऊन केलेला तो लेप कांथा, पातळ तो सुजनी. बंगालही आपल्यासारखाच दमट, हे ध्यानात घेतलं की तिथे कापडावर कापड का रचत गेले ते कळतं. आपण घरी करतो तो साधा समांतर ओळींचा टाका हा त्यातला सगळ्यात सोपा प्रकार. कमळं, झाडं, हत्ती-घोडे भरतात त्या नक्षी कांथ्याची गोष्ट वेगळी. पश्चिम बंगालच्या त्या कामाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते करायला हात वेगळे लागतात.

मोकळा पांढरा भाग सोडायचं कारणही कांथ्यातच आहे. ज्या साड्या-धोतरांवर कांथा वाढला ती बहुतेक पांढरी, म्हणून टाका उठून दिसायचा. फुलाफुलांच्या छापील कापडावर पाव इंचाच्या ओळी घातल्या तर डोळे आणि मान दोन्ही जातात आणि टाका मात्र कुणाला दिसत नाही. माझ्या गोधडीत लोक हात फिरवतात तो मोकळ्या भागावर. शेजारच्या काकींनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अगो, बऱ्या कापडाचे तुकडे करून परत जोडतंस कित्याक?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता दोरा. सगळ्यात जास्त प्रश्न याबद्दल येतात. मी ८ नंबरचा पर्ल कॉटन वापरला. तो दोन पदर घट्ट पिळलेला भरतकामाचा दोरा, सहा पदरी दोऱ्यासारखे त्याचे पदर सुटे होत नाहीत, त्यामुळे धुण्यात त्याचे तंतू विस्कटत नाहीत. हिशेब असा: ६० इंच रुंदीत पाव इंचावर ओळी म्हणजे २४० ओळी. प्रत्येक ओळ सुमारे २.३ मीटर. म्हणजे ५५० मीटर नुसता सरळ दोरा, वर गाठी, उरलेली टोकं, अधूनमधून उसवणं. १० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ८० मीटर येतो. तेव्हा आठ गोळे एकदम घ्या, एकाच लॉटचे. मला शेवटचे दोन कुडाळहून नंतर आणावे लागले आणि पांढऱ्यातही किती पांढरे असतात ते कळलं. अर्धा इंच अंतर ठेवलं तर खर्च निम्मा होतो, पण पुढे सांगते त्या कारणासाठी मी ते सुचवणार नाही.

दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की कापडातून पुन्हापुन्हा ओढला जाऊन शेवटी त्याची लव निघते. गाठ मधल्या थरात ओढून घ्यायची, वर किंवा खाली दिसता कामा नये. मेणावरून एकदा दोरा ओढला तर गुंता बराच कमी होतो.

सुईबद्दल किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक खास गोष्ट. रात्री काम ठेवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत तिच्याभोवती तपकिरी डाग उमटतो, आणि गंजाचा डाग साबणाने जात नाही. टाचण्यांचंही तेच. म्हणून थर एकत्र धरायला टाचण्या न लावता वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले. सुया मी मशीनच्या तेलाचं बोट लावलेल्या चिंधीत ठेवते. शिवायला घेताना आधी फाटक्या कापडातून दोनदा काढायच्या, म्हणजे तेल गोधडीला लागत नाही.

आणखी एक, शिवतानाचं. सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू केल्या तर वरचा थर हळूहळू सरकतो आणि गोधडी तिरकी होते. एक ओळ वरून खाली, पुढची खालून वर असं करायचं, आणि मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे जायचं. तुकड्यांच्या शिवणी इस्त्रीने दोन्ही बाजूंना उघडून बसवायच्या. एकाच बाजूला दुमडल्या तर जिथे चार तुकडे मिळतात तिथे कापडाचा गठ्ठा होतो आणि सुई अडते. ती ढकलून ढकलून माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडला. अंगुस्तान वापरा. मला त्याची सवय होत नाही, पण तुम्ही वापरा.

पहिल्या धुण्यात गोधडी बदलते, आणि हे आधी कुणी सांगत नाही. शिवून झाली तेव्हा ती चादरीसारखी सपाट होती, थोडी कडकसुद्धा. कापड आधी धुऊन घेतलेलं असूनही पाण्यातून काढून वाळवल्यावर लांबीत दोनेक इंच गेले आणि सगळीकडे त्या बारीक सुरकुत्या उठल्या. ओळीओळींमधलं कापड किंचित फुगतं, टाक्यापाशी दबतं. बोट आडवं फिरवलं की हाताला कळतं. कांथ्याची मजा ती हीच. त्या सुरकुत्यांत थोडी हवा अडकते, तेवढी ऊब पुरते. तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर ती इतकी मऊ झाली की आता नवीन चादर अंगाला बोचते.

निळीचा रंग मात्र सुटला. पांढऱ्या दोऱ्यावर, निळ्या तुकड्यांच्या आसपास फिकट निळसर झाक आलीय. मला ती आवडते, म्हणून तक्रार नाही. पण तुम्हाला पांढरं पांढरंच हवं असेल तर निळा आणि लाल तुकडा कापण्याआधी पांढऱ्या रुमालासोबत भिजवून बघा. मीठ किंवा व्हिनेगर घालून तयार कापडाचा सुटता रंग पक्का होत नाही, कुणी काहीही सांगो. सुटणं थांबेपर्यंत धुणं हाच उपाय.

आता पावसाळा. आगोटीच्या वेळी, मे संपता संपता, गोधडी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी घातली. नव्या कापडाची खळ आधीच धुऊन गेलेली होती, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला आयतं जेवण. जुन्या साडीत खळ उरलेलीच नसते. जूनपासून मी ती दुमडून कपाटात ठेवलीच नाही. दिवसा माजघरातल्या दांडीवर पसरून टाकायची, पंखा लावायचा. जुलैत घराच्या चिऱ्याला घाम सुटतो, भिंतीला टेकलेली प्रत्येक वस्तू कुबट वास धरते, चामड्याची पर्स हिरवी होते. गोधडीला वास आला, नाही असं नाही, पण एक रात्र पंख्याखाली ठेवून गेला. काळे ठिपके एकही नाहीत. गणपतीत एका भाच्याने तिच्यावर सोलकढी सांडली तेव्हा भर पावसात धुवावी लागली. पंख्याखाली एका रात्रीत वाळली. जाड कापसाची रजई त्याच दिवसांत भिजली असती तर तिच्या कोपऱ्यांत ओल राहिलीच असती. सोलकढीचा गुलाबी डाग गार पाण्याने लगेच चोळल्यावर गेला, खोबऱ्याच्या रसाच्या चिकटपणाला मात्र साबण लागला.

धुताना मशीनमध्ये गार पाणी, नाजूक कपड्यांची फेरी. वाळत घालताना एकाच दोरीवर नको. ओल्या गोधडीचं सगळं वजन मधल्या टाक्यांवर येतं. दोन दोऱ्यांवर टाका, आणि जमिनीपासून चांगली उंच, नाहीतर पावसाच्या एका सरीत तांबड्या मातीचे शिंतोडे खालच्या कडेला बसतात आणि ते जन्मभर राहतात.

झिजलं काय? टाके नाही झिजले. एकही ओळ सुटलेली नाही. झिजले ते नऊवारीचे तुकडे. एका तुकड्यात पावसाळ्यानंतर आडवे तंतू गेले आणि उभेच उरले, मधून खालची मलमल दिसायला लागली. पण भोक पडलं नाही, कारण पाव इंचावरच्या ओळींनी उरलेलं कापड जागच्या जागी धरून ठेवलंय. अर्धा इंच अंतर असतं तर बाळाच्या पायाचं बोट अडकून तिथे फाटलीच असती. म्हणून म्हटलं, अंतरात काटकसर करू नका. त्यावर मी दुसऱ्या कापडाचं ठिगळ ठेवून, जुन्याच ओळींवरून तसेच टाके घालून घेतले. अर्ध्या दुपारचं काम. वॅडिंगच्या रजईला हे इतकं सोपं नसतं.

दुसरी झीज कडेला, डोक्याकडच्या बाजूला. झोपेत आपण तिथेच मुठीत धरून ओढतो. सरळ पट्टीची किनार लावली होती, तिच्या दुमडीवर दोरे उघडे पडायला लागलेत. तिरक्या कापडाची पट्टी लावली असती तर झीज एकाच धाग्यावर न पडता वाटली गेली असती.

वेळेबद्दल खरं बोलायचं तर हे शिवणाऱ्याच्या घरातल्यांनी वाचावं असं आहे. बरेच महिने रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मांडीवर हेच होतं. आंब्याच्या हंगामात हे काम होत नाही, त्यामुळे त्या काळात सुरूच करू नका. विकायला करत असाल तर लोक सांगतील त्या किमतीत मजुरी निघणार नाही, हे गृहीत धरा.

विकत घेणाऱ्यांसाठी: हातचा कांथा म्हणून जे खपवलं जातं त्यात बरंच मशीनचं असतं. उलटून बघा. हाताच्या धावदोऱ्यात दोन्ही बाजूंना टाका-मोकळी जागा, टाका-मोकळी जागा असं दिसतं, आणि अंतर थोडं कमी-जास्त असतं. साध्या मशीनच्या टिपेत दोन्हीकडे दोरा सलग जातो. मग तीच चिमटीत धरून हलकी ताणा. थर एकमेकांवरून घसरले तर ओळी फार लांब-लांब आहेत.

पुढची गोधडी सुरू केलीय. दोनच थर, दोन्ही जुन्या साड्यांचे, एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली घ्यायला. डोक्याकडच्या बाजूला तिरकी पट्टी, तीही दुहेरी.