गॅलरीतल्या पोपटांसाठी कॅननची ५५-२५०

पक्ष्यांच्या फोटोसाठी लेन्स हवी म्हटलं की दुकानदार आधी १५०-६०० एमएमची लांब पल्ल्याची झूम लेन्स काउंटरवर ठेवतो. रानात फिरणाऱ्यासाठी ते ठीक. पण पोपट घरच्या कठड्यावर येऊन बसत असतील, तर दोन किलोच्या आसपास वजनाची ती लेन्स गळ्यात घालून उपयोग नाही. त्यातल्या बऱ्याच लेन्स दोन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, आणि आमची अख्खी गॅलरी जेमतेम तेवढी आहे.

मी कॅननची ईएफ-एस ५५-२५० एमएम एसटीएम वापरते, १५००डी कॅमेऱ्यावर. २०१३ साली आलेली, ३७५ ग्रॅमची लेन्स. हिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ८५ सेंटिमीटरवर फोकस होतो. कठड्यावरचा पोपट एवढ्या जवळून २५० ला, म्हणजे झूम पूर्ण ताणून घेतला, तर फ्रेमची रुंदी आठ सेंटिमीटरपेक्षा कमी भरते. म्हणजे फक्त डोकं, चोच आणि कंठ, म्हणजे नराच्या गळ्याभोवतीचा पट्टा. डोळ्याभोवतीचं नारिंगी कडं, लाल चोचीवर चिकटलेला शेंगदाण्याचा चुरा, बुबुळाचा फिका पिवळा रंग, सगळं दिसतं. पोपट चिडला की बाहुली झरकन लहान-मोठी होते, ते मी पहिल्यांदा या लेन्समधून नीट पाहिलं.

आमचं घर बडोद्यात, मांजलपूरला, तिसऱ्या मजल्यावर. समोर कडुनिंब आहे आणि निंबोळ्या पिकल्या की दिवसभर कलकलाट असतो. सासरे सकाळी गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. थवा उतरला की दबक्या आवाजात हाक मारतात, ‘सूनबाई, राघू आले गं.’ मग चहा तसाच राहतो. एसटीएम म्हणजे लेन्समधली फोकस करणारी मोटर, तिचा आवाज जवळजवळ येत नाही, हे अशा वेळी फार कामाचं. एवढ्या अंतरावर पक्ष्याला सगळं ऐकू येतं.

गॅलरी पूर्वेची असली की सकाळचं ऊन पोपटाच्या पाठीमागून येतं आणि खोलीतून काढलेला फोटो काळपट पडतो. म्हणून मी गॅलरीच्या एका टोकाला, भिंतीला पाठ लावून उभी राहते. ऊन बाजूने आलं की नराच्या मानेमागची निळसर झाक उठून दिसते. पोपटाच्या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिवळं रंगद्रव्य असतं आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश विखुरतो, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. शेपटीत तर ऊन आरपार आलं की खालची बाजू पिवळीधमक होते. तो एक फोटो मात्र मी मुद्दाम उजेडाकडे तोंड करून काढते.

इतक्या जवळून काढताना लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवू नका; एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. दीड मीटरवर २५० ला एफ/५.६ ठेवलं तर पुढून मागे सात-आठ मिलिमीटरच शार्प येतं. डोळा शार्प आणि चोचीचं टोक धूसर, असं होतं. एफ/८ ठेवा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० सेकंद पुरतं, स्टॅबिलायझर हाताची थरथर सांभाळतो. मात्र उडणाऱ्या पंखांना स्टॅबिलायझर थांबवू शकत नाही. तिथे १/१००० च्या वरच जायला हवं. अख्खा पोपट घ्यायचा असेल तर झूम साठ-सत्तरच्या आसपास आणा. चाळीसेक सेंटिमीटरच्या पक्ष्यात निम्म्याहून जास्त शेपटीच असते आणि ती कापली की फोटो अर्धवट वाटतो. काचेच्या दारातून काढू नका, कितीही पुसलेली असली तरी हिरवा रंग मरतो.

उजाडताना लेन्स कमी पडते. २५० ला एफ/५.६ च्या पुढे ती उघडत नाही, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ६४०० ला जातो आणि पिसांचं बारीक काम दाण्यांत हरवतं. जांबुघोड्याच्या जंगलात नेलीत तर तिथेही हात आखडेल. उंच झाडावरच्या पक्ष्यासाठी ही लेन्स नाहीच.

कठड्यावर मी पेरूची फोड, सूर्यफुलाच्या बिया, बिनमिठाचे कच्चे शेंगदाणे आणि हिरवी मिरची ठेवते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, ते बिया मजेत फोडून खातात. शेव-फाफडा, ब्रेड अजिबात नको. पाण्याचं मातीचं कुंडं रोज घासायचं.

शेजारच्या बा फोटो बघून म्हणाल्या, ‘आटलो नजीक? पाळेलो छे?’ नाही, पाळलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, तरी बाजारात पिल्लं चोरून विकली जातातच आणि ते पाहून माझं रक्त उकळतं. गळ्याभोवती कंठ उमटायला नराला तिसरं वर्ष लागतं. त्याच्या आधीच पिल्लू पिंजऱ्यात जातं. मोकळा पोपट हातभर अंतरावरून बघता येतो, हे दाखवायला मला ही लेन्स फार उपयोगी पडली आहे.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत मात्र मी फोटो काढत नाही. पोपटांच्या जाण्यायेण्याच्या वेळी आकाशभर पतंगांचा मांजा असतो, तेव्हा त्यांना कठड्यावर बोलावणं नको. जखमी पक्षी दिसला तर गुजरातच्या पशु-पक्षी हेल्पलाइनला, १९६२ वर फोन करा.

लेन्स जुनी घेणार असाल तर स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. एसटीएमची फोकस रिंग कॅमेरा चालू असल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे नुसती हातात फिरवून काही कळत नाही. दुकानातच दहाची नोट ८५ सेंटिमीटरवर ठेवून फोकस बसतो का बघा, आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारून आतल्या काचांवर बुरशीचे धागे आहेत का तेही. आपल्याकडचा पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये ते बऱ्याचदा असतात.