दिवा लागला, चाकं फिरली नाहीत : माझे १८,६०० डॉलर

आधी आकडे सांगतो, कारण गेले काही महिने घरात रोज रात्री तेच ऐकतोय. गाडी १८,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर. तिच्यावरची ड्युटी ७८१ डॉलर २० सेंट. डोंगरातून ओढून आणायचे १,४५०. मेकॅनिकने नुसतं खोलून बघायचे २८६. दुरुस्तीचं कोटेशन ६,२४०, ते अजून भरलेले नाहीत कारण खिशात नाहीत. रुपयांत मोजायचं तर नुसती गाडी दहा लाखांची. आणि ती सतरा वर्षं जुनी, शिकारीला डोंगरात जायला घेतलेली फोर व्हील.

मी मेलबर्नला राहतो. शिकारीचा परवाना काढला तेव्हापासून 'हरणं मारतोस?' हे साताऱ्यापासून मंडळातल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, तेव्हा तेही उरकतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण आमच्या व्हिक्टोरिया राज्यात सांबर हे बाहेरून आणलेलं जनावर. १८६० च्या दशकात गोऱ्यांनी भारत-श्रीलंकेकडून आणून सोडलं आणि ते डोंगरभर पसरलं. माझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे, सांबराच्या शिकारीचा गेम लायसन्स आहे, आणि आणलेलं मटण आम्ही खातो. बायको खात नाही, पण तिचा सध्याचा आक्षेप वेगळ्या विषयावर आहे.

तर गाडी. आमची आधीची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, मॉलच्या पार्किंगमध्ये झकास. तिला लो रेंज, म्हणजे अवघड चढ-उतारासाठीचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर, नाही. डार्गो या डोंगरातल्या गावाच्या वरच्या बाजूला, क्रुकेड रिव्हरच्या अंगाने टॅल्बटव्हिलकडे जाताना नदी पुन्हापुन्हा ओलांडावी लागते आणि तिथून बाहेर पडायला सरळ उभे चढ. तिथे लो रेंजशिवाय जाणं म्हणजे हँडब्रेक नसलेला ट्रक घेऊन खंबाटकी उतरणं. चढायलाच नाही, उतरायलाही लो रेंजचा पहिला गिअर लागतो, नाहीतर ब्रेक तापून पाय रिकामाच खाली जातो. शिवाय सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो. हाडं काढून मटण पाठीवर आणलं तरी पेट्या, तंबू, बंदुकांची कुलूपबंद पेटी, तीन माणसं, एवढं वाहणारी गाडी हवी. ऑफिसातला एक सहकारी या डोंगरात वीस वर्षं फिरलाय. तो म्हणाला, साधी गाडी घे, पुढेमागे अखंड अॅक्सल, पुढची चाकं अॅक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे हब, इलेक्ट्रॉनिक्स कमीत कमी. म्हणून जुनी निसान पॅट्रोल शोधायला लागलो.

घाई माझीच होती. जूनच्या लाँग वीकेंडनंतर डोंगरातले बरेच ट्रॅक इथल्या ओल्या हिवाळ्यासाठी बंद होतात ते थेट ऑक्टोबर संपेपर्यंत. त्यात डोक्यात बसलं की पाडव्यालाच गाडी घ्यायची. ३० मार्च २०२५, रविवार, साडेतीन मुहूर्तांतला एक आणि ऑफिसला सुट्टी. असा योग परत कधी! विकणाऱ्याला मुहूर्त सांगून टाकला हो मी. फोनवर, स्वतःच्या तोंडाने: 'रविवारीच घ्यायची आहे, आमचं नवीन वर्ष असतं.' गरज कधीही तारखेसकट सांगू नका.

२००८ ची पॅट्रोल, जाहिरातीत १९,९००. 'खाजगी विक्री, खऱ्या शिकाऱ्याची गाडी.' माणूस पन्नाशीचा, डोक्यावर तेलकट टोपी, अंगणात दोन शिकारी कुत्री, गॅरेजच्या भिंतीवर सांबराची शिंगं. बोलायला इतका गोड की मी दहा मिनिटांत त्याला माझ्या रायफलचं कॅलिबर सांगून मोकळा. निघताना त्याने हरणाच्या मटणाच्या सॉसेजचं पाकीट हातात दिलं, 'नववर्षाची भेट' म्हणून. ते पाकीट अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहे. फेकवत नाही आणि खाववतही नाही.

आता त्या वीस मिनिटांचं सांगतो. ती मी इतक्या वेळा आठवलीत की विटांचा रंगसुद्धा पाठ झालाय.

पहिलं, बॉनेट. पोचल्यावर हात ठेवला तर गरम. कोमट नाही, गरम. जुनं डिझेल इंजिन थंड असताना चालू करून बघायचं, किती कुरकुरतं आणि मागून कसला धूर सोडतं ते तेव्हाच कळतं, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, 'तू येणार म्हणून धुवून आणली.' मी खूश झालो. माणूस किती आस्थेवाईक!

दुसरं, कागद. रजिस्ट्रेशनवर नाव दुसऱ्याचंच. 'मेव्हण्याची आहे, तो कामाला लांब असतो.' मी मान डोलावली. का डोलावली? कारण दोन डॉलर भरून पीपीएसआर, म्हणजे गाडीच्या सरकारी नोंदीचा दाखला, काढला होता आणि तो स्वच्छ निघाला होता. कर्ज नाही, चोरीची नाही, अपघातात मोडीत काढलेली नाही. त्या दोन डॉलरच्या कागदाने माझी छाती फुगली. तो कागद गाडीच्या पोटात काय आहे ते सांगत नाही हो. गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे असं सांगणारं रोडवर्दी सर्टिफिकेटही सांगत नाही. ते होतं, नऊ दिवसांपूर्वीचं, अस्सल. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, असल्या सुरक्षिततेच्या गोष्टी त्यात. पुढच्या चाकांना ताकद जाते का, हा त्याचा विषयच नाही.

तिसरं. हे लिहिताना अजून कान गरम होतात. चालवून बघताना मी म्हटलं, फोर व्हील टाकून बघू का? तो म्हणाला, 'मित्रा, कोरड्या डांबरावर नको. गिअर ताणले जातात, तुला माहीतच असेल.' आणि हे खरं आहे! या जातीच्या गाडीत पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, वळणावर दोघांना वेगळं अंतर कापावं लागतं, आणि कोरडा रस्ता चाकांना घसरू देत नाही, त्यामुळे सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. मला हे माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे म्हणून मला तो भला वाटला. वर मीच त्याला त्याचं कारण समजावून सांगितलं! दोनशे मीटरवर फुटबॉलचं मैदान होतं, सकाळच्या पावसाने ओलं झालेलं, शेजारी खडीचं पार्किंग. मी ते डोळ्यांनी बघत गाडी वळवून परत आणली. अंगणात उभ्या उभ्या त्याने हब फिरवून दाखवले, लिव्हर ओढली, डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लागला. तो दिवा लिव्हर सरकली की लागतो. चाकं फिरतात की नाही ते त्याला माहीत नसतं.

चौथं. अंगात रेशमी कुर्ता. दुपारी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, मला निवेदन करायचं होतं. गाडीखाली आडवं पडलो असतो तर कुर्ता गेला असता. दीडशे डॉलरचा कुर्ता वाचवला.

आणि मी कोणाचा मुलगा? बाबांनी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली. पैसे देण्याच्या पाच मिनिटं आधी त्यांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली होती. त्यांनी एकच विचारलं, 'खाली आडवं पडून बघितलंस का रे?' मी म्हटलं, 'हो बाबा.'

१,३०० कमी करून घेतले म्हणून विजयी मुद्रेने १८,६०० ट्रान्सफर केले. तिऱ्हाइताकडून तपासून घ्यायला एकाने ३३० सांगितले होते, पण रविवारी तो बंद. मुहूर्त टळला असता ना.

मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघे निघालो. टॅल्बटव्हिलपर्यंत नदीत खडीचा तळ, मागच्या चाकांवर निभावलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. बाहेर पडताना पिवळ्या चिकणमातीचा चढ, टायरची हवा अठरावर आणलेली, लो रेंज, पहिला गिअर. मागची चाकं गरगर फिरायला लागली आणि गाडी आडवी सरकून झाडाला टेकली. सहकारी उतरून पुढच्या चाकाकडे नुसता बघत राहिला. म्हणाला, 'थोडा पेडल दे.' दिला. पुढचं चाक ढिम्म. तो त्याच चिखलात पाठीवर झोपला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा बोलला नाही. टॉर्च माझ्या हातात दिला.

पुढचा प्रोपेलर शाफ्टच नव्हता. ताकद पुढेमागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफपर्यंत, म्हणजे पुढच्या चाकांमधल्या डिफरेन्शियलपर्यंत, जो लांब दांडा जायला हवा, त्या जागी नुसती पोकळी. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर काळा रंग मारलेला, ताजा. नंतर मेकॅनिकने डिफ उघडला तर पिनियनचे दात उडालेले, तेलात चांदीसारखा चुरा. म्हणजे डिफ मोडला, आवाज करायला लागला, तर याने शाफ्टच काढून टाकला. आवाज गेला, दिवा राहिला, गाडी विकली.

रात्र तिथेच काढली. बंदुका सोडून पायी जाता येत नाही, म्हणून दोघे गाडीत आणि एक जण चालत उंचावर, रेडिओ लागतो का बघायला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढणारा आला, १,४५०, रोख. आणि एक ऐका, कोणी 'टो बॉलला पट्टा अडकव' म्हणालं तर त्याला लांब बसवा. तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, माणसं मेलीत त्याने. दोर फक्त चासीला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटला.

आता सरकार. पोलीस ठाण्यात काउंटरवरच्या मुलाने माझं तीन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, काळा रंग मारून लपवलंय, फसवणूक नाही का? तो म्हणाला, 'तुम्ही बघितली होती ना गाडी?' ग्राहकांचं जे खातं आहे तिथे सव्वीस मिनिटं गाणं ऐकलं. बाई सौम्यपणे म्हणाल्या, खाजगी विक्रीत वॉरंटी नसते, विक्रेता परवानाधारक डीलर असता तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, बाई, तो डीलरच आहे, फक्त परवाना नाही. त्याच अंगणातल्या पाच जाहिराती मी जपून ठेवल्यात. म्हणाल्या, तशी वेगळी तक्रार ऑनलाइन करा, पण त्यातून तुमचे पैसे मिळणार नाहीत, आणि काय कारवाई झाली तेही आम्ही कळवत नाही. म्हणजे परवाना काढणाऱ्याला नियम लागू आणि न काढणारा मोकळा! न्यायाधिकरणात गेलो तर म्हणतात, तो व्यापारी आहे हे आधी तुम्ही सिद्ध करा. कोर्टात दावा लावायचा तर त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. कागदावर 'मेव्हणा'. मेव्हण्याला शोधून काढलं, तर तो बिचारा म्हणतो मी कोणाचा मेव्हणा नाही, फेब्रुवारीत गाडी ४,२०० ला विकली, डिफ गेलाय असं सांगून विकली. विकत घेणाऱ्याचं नाव? आठवत नाही, रोख दिले. त्या अंगणात गेलो तर घर भाड्याचं, आता रिकामं. वाहन नोंदणीवाल्यांना विचारलं, त्यांचं उत्तर: गोपनीयता. माझी सोडून सगळ्यांची गोपनीयता जपली जाते. प्रत्येकाने फॉर्म दिला. सात फॉर्म झाले. एकाच्या शेवटी 'आमची सेवा कशी वाटली' म्हणून पाच तारेही होते.

हो, मी मूर्खपणा केला, मान्य. पण जे बघायचं होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही, सगळं माहीत होतं. म्हणून जास्त लागतं. तुम्ही जाल तेव्हा जुने कपडे घालून जा आणि एक गोणपाट न्या. रजिस्ट्रेशनवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एक नसेल तर चहासुद्धा घेऊ नका. आणि ओलं गवत किंवा खडी शोधा, हब लॉक करा, फोर व्हील टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. गाडी अडखळली पाहिजे, कोणीतरी मागून धरल्यासारखी. सुळसुळीत फिरली तर पुढे काही नाही. हे एक मिनिटाचं काम आहे. माझ्यासमोर मैदान होतं.

बाबांना जूनमध्ये सांगितलं. फोन गाडीखाली सरकवला, दोन सेकंदांत म्हणाले, 'अरे, शाफ्ट कुठाय?' मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, 'पाडव्याला विचारलं होतं मी.'

गेल्या आठवड्यात नवी जाहिरात दिसली. गाडी वेगळी, घर वेगळं, १६,९०० डॉलर, 'खऱ्या शिकाऱ्याची', आणि फोटोच्या कोपऱ्यात तीच दोन कुत्री. सोमवारी मित्राच्या फोनवरून मेसेज टाकला: इंजिन थंड असताना बघायला मिळेल का, आणि खडीवर फोर व्हील टाकून चालवू द्याल का? मेसेज वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर अजून नाही.