छातीपर्यंतच्या टाइल्स

कोल्हापुरात घर घ्यायचं, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं दूध प्यायचं, तिथनं चालत अंबाबाईला, संध्याकाळी पंचगंगा घाटावर. गाडीला हात लावायचा नाही. निम्मं आयुष्य पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला भुलवायला एवढं पुरे होतं, आणि एजंटानं ते पहिल्याच भेटीत हेरलं.

फ्लॅट तळमजल्यावरचा, रिसेलचा. बघितला फेब्रुवारीत. नदी तळाला, घाटावर पोरं पोहतायत, वारं छान. पुराचं विचारलं, तर एजंट हसला. "साहेब, पाणी जामदार क्लबला येतंय. हितनं ते लई लांब. 2019 ला पण आलं न्हाई." वर त्यानं एका पत्राची झेरॉक्स हातात ठेवली, मिळकत पूररेषेबाहेर असल्याची. गोल शिक्का बघितला आणि गप्प बसलो.

खोल्यांत सगळीकडं नव्या टाइल्स होत्या. हॉलमध्ये, बेडरूममध्येसुद्धा, छातीपर्यंत. बायको म्हणाली, बेडरूमला कुणी टाइल्स लावतं होय? मी म्हटलं, पुसायला बरं. स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्या उंचीला होते, तेही लहान पोरांसाठी असतील असं मीच मनाशी ठरवलं. फसवणाऱ्याचं निम्मं काम मीच करत होतो.

इसार दिला 2 लाख. सव्वा लाख चेकनं, पाऊण लाख रोख, "मालकाची अडचण आहे" म्हणून. नोटरी केलेल्या पावतीवर सव्वा लाखच लिहिले होते.

मग बँकेचा व्हॅल्युएटर आला. त्यानं पत्र आणि प्रॉपर्टी कार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि सिटी सर्व्हे नंबरावर पेन टेकवलं. शेवटचा आकडा वेगळा! पत्र खरंच होतं, पण वरच्या अंगाच्या दुसऱ्याच मिळकतीचं. आमची मिळकत निळ्या रेषेच्या आत निघाली. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या. निळीच्या आत नव्या बांधकामाला बंदी, म्हणजे ही इमारत पडली तर पुढं काय, हा प्रश्न वेगळाच. कर्ज नामंजूर.

त्याच दिवशी परतताना समोरच्या काकींना गाठलं. ही चौकशी मी फेब्रुवारीत, एजंट बरोबर नसताना करायला हवी होती. काकी म्हणाल्या, "आरं बाळा, 2019 ला दारात बोट आल्ती, आन् 2021 ला परत. राजाराम बंधाऱ्याला 43 झालं की आमी सामान वर न्यायला लागतोय." 43 फूट ही त्या बंधाऱ्यावर मोजतात ती पंचगंगेची धोका पातळी. त्या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं होतं. पुढचं त्यांनी आवाज खाली करून सांगितलं: मालकानं त्याच घराचा पंचनामा करून पूरग्रस्तांचं सानुग्रह अनुदानही घेतलं होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत. मला सोडून.

म्हणून नदीकाठच्या पेठांत घर बघत असाल तर सांगतो: झोन दाखला आणि पूररेषेचा अभिप्राय स्वतः अर्ज करून घ्या, आणि सिटी सर्व्हे नंबर बोट ठेवून जुळवा. गल्लीत "पाणी येतं का" असं विचारूच नका, लोक आडून बोलतात. "किती फुटाला येतं" विचारा, इंचात उत्तर मिळेल. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा ओढून बघा. आमच्यात तो फुगून अडकला होता, आणि मागच्या फटीत बारीक करडा गाळ होता, वाळून पापुद्रे धरलेला.

चेकचे पैसे वकिलाच्या नोटिशीनंतर चार महिन्यांनी परत आले. पाऊण लाखाचं नाव काढलं की एजंट म्हणतो, कसले पैसे?

आम्ही आता पलीकडं, चढावरच्या गल्लीत भाड्यानं राहतो. दुधाला गंगावेशीतच जातो, वाटेत तो फ्लॅट लागतो. जूनमध्ये गेटवरची "विकणे आहे" पाटी काढली होती. दिवाळी झाल्यावर परत लावलीय.