आयटीआयचा काळा डायल फोन: घेण्याआधी आणि घेतल्यावर

काळा, जड, बेकेलाइटचा, समोर दहा भोकांची तबकडी. आयटीआयचा, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीचा, हा फोन नाशिकमध्ये अजून जुन्या सामानात सापडतो. भद्रकालीत विचारा, बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात चक्कर मारा, नाहीतर एखादा वाडा उतरवला जात असेल तिथे चौकशी करा. बहुतेक जण तो शोभेला घेतात, पण हा फोन आजही उत्तम बोलतो आणि त्यासाठीच तो घेण्यासारखा आहे. ‘अँटिक’ म्हणून विकले जाणारे नवे पितळी फोन त्याच्या जवळपासही येत नाहीत. त्यांच्यात बहुधा तबकडीच्या जागी बटणं असतात आणि खऱ्या घंटेऐवजी बझर.

घेताना आधी डायल बघा. शून्यापर्यंत फिरवा आणि सोडा. एक सेकंद किंवा किंचित जास्त वेळात, एकसारखी घरघर करत तो जागेवर आला पाहिजे. मध्येच रेंगाळला किंवा अडकला तर भाव निम्म्यावर आणा. परत येताना डायल सेकंदाला 10 वेळा लाइन तोडतो आणि जोडतो. प्रत्येक ठोक्यात साधारण दोन तृतीयांश वेळ लाइन तुटलेली असते, एक तृतीयांश वेळ जोडलेली. 5 ला पाच ठोके, शून्याला दहा. म्हणजे नाशिकचा कोड 0253 फिरवला की 20 ठोके जातात.

या ठोक्यांचं मूळ ऑल्मन स्ट्राउजरच्या स्वयंचलित एक्सचेंजमध्ये आहे. त्याचं पेटंट 1891 चं. तिथे प्रत्येक ठोक्यासरशी सिलेक्टर, म्हणजे लाइन निवडणारा स्विच, एकेक पायरी सरकायचा. डायल मंद झाला की मोजणी चुकणार आणि फोन भलत्याच घरी वाजणार. मुंबईत 28 जानेवारी 1882 ला एक्सचेंज सुरू झालं तेव्हा हे जोडकाम माणसं हाताने करत होती. डायलने गावातल्या गावात ऑपरेटरची गरज संपवली, पण परगावचा ट्रंक कॉल नोंदवून ताटकळणं काही सुटलं नाही. देशातली पहिली एसटीडी, म्हणजे परगावी थेट डायल करायची सोय, कानपूर-लखनौ मार्गावर आली ती 1960 साली.

डायल मंद होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सुकून चिकट झालेलं ग्रीस. डायल बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दातेरी चाकं साफ करा, आसांच्या टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या. वेग धरून ठेवणारा गव्हर्नर एका छोट्या वाटीत फिरतो आणि त्या वाटीला घासूनच ब्रेक लागतो. तिथे तेल गेलं की डायल सुसाट सुटतो. गंज काढायचा स्प्रे तर आत मारूच नका.

समोरच्याला आवाज बारीक किंवा खरखरता जात असेल तर दोष माउथपीसमधल्या कार्बनच्या कणांचा. पावसाळ्यातल्या दमटपणाने ते एकमेकांना चिकटून बसतात. हँडसेट आडवा धरून तळहातावर हलकेच आपटा, बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

घंटा बद्द वाजत असेल तर तिच्या वाट्यांचा स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवा. भोक मुद्दाम मध्यापासून सरकवलेलं असतं, त्यामुळे फिरवली की टोल्याचं अंतर बदलतं. दोन्ही वाट्या स्वच्छ वाजेपर्यंत हे करत राहावं. त्या आवाजाची सर कुठल्याच रिंगटोनला नाही. आणि रिसीव्हर खाली ठेवूनही लाइन एंगेज राहत असेल तर घंटेच्या जोडीचा सुमारे 2 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तपासा. तो गळका झाला की एक्सचेंजला रिसीव्हर उचललाय असंच वाटतं.

खरी अडचण आता फोनची नाही, लाइनची आहे. तांब्याची लाइन असेल तर डायल चालण्याची शक्यता चांगली. फायबरच्या डब्यामागे फोनचं पोर्ट असतं, पण कित्येक डबे ठोके ओळखतच नाहीत. एक आकडा फिरवा. डायल टोन तसाच चालू राहिला तर समजा की ठोके पोचले नाहीत. येणारे फोन तेव्हाही वाजतील, बोलणंही होईल, फक्त इथून लागणार नाही. त्यावर उपाय म्हणजे ठोक्यांचं बटणांच्या फोनसारख्या टोनमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर. असा कन्व्हर्टर नसेल तर ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या बँकेच्या फोनवर या डायलचा काही उपयोग नाही, कारण तिथलं यंत्र फक्त टोन ऐकतं.

मोबाइलला लावताना 15 जानेवारी 2021 पासून आधी शून्य लागतो, म्हणजे एकूण अकरा आकडे. सगळे फिरवायला वीसेक सेकंद धरा.

फोन उघडण्याआधी लाइनची वायर काढून ठेवा. एरवी तिच्यावर 48 व्होल्ट डीसी असतात, पण घंटा वाजताना साधारण 75 व्होल्ट एसी येतात आणि झटका चांगलाच बसतो.